पाटीआधी माती

खानदेशातली गढी पडायला सुरुवात होते ती पन्हाळीपासून. धाब्यावरचं, म्हणजे मातीच्या सपाट छपरावरचं, पाणी बाहेर फेकणारी लाकडी पन्हाळ कुजते किंवा तुंबते, पाणी कठड्याच्या कडेला साचतं, तिथली माती फुगते, खालचं लाकडी किलच सडतं आणि तुळईचं भिंतीत रुतलेलं टोक मऊ पडतं. तुळई बसली की त्या खणाचं धाबं कोसळतं आणि पिढ्यान् पिढ्या उभ्या असलेल्या मातीच्या भिंतीचा माथा पहिल्यांदाच उघडा पडतो. पुढचं काम पाऊस करतो आणि त्याला दोन-चार पावसाळे पुरतात. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या गढ्या-वाड्यांची मोजमापं घेणं, नकाशे काढणं, दुरुस्तीचा अंदाज करणं या कामात हा क्रम इतक्या वेळा समोर येतो की पडझड पाहून ती कुठून सुरू झाली ते सांगता येऊ लागतं. या क्रमातूनच एक म्हणणं तयार झालं आहे. आपल्याकडे वारसा जपणं म्हणजे इमारतीला संरक्षित ठरवणं असं मानलं जातं. गढी आणि वाडा यांना मात्र दर्जापेक्षा दरवर्षीची देखभाल जास्त गरजेची आहे. जी व्यवस्था देखभालीची सोय लावत नाही, ती या वास्तूंचं संरक्षण करूच शकत नाही, मग तिचा कायदा कितीही कडक असो.

गढी ही काय वस्तू आहे हे आधी नीट पाहायला हवं, कारण तिच्याबद्दलचे निम्मे गैरसमज तिला किल्ला समजण्यातून येतात. गावाच्या पांढरीवर, बहुधा जुन्या वस्तीच्या टेकाडावर, चौकोनी तट आणि कोपऱ्यांत बुरूज. खाली काही हात दगडाचं बांधकाम, वर पांढऱ्या मातीचे भेंडे किंवा विटा. एकच मोठा दरवाजा, त्यात माणूस वाकून जाईल एवढी दिंडी, आत दोन्ही बाजूंना देवड्या, आणि सरळ आत शिरता येऊ नये म्हणून वळण घेतलेली वाट. त्यापुढे चौक, ओसरी, सोपा, माजघर, भिंतीतली बळदं, जमिनीतली पेवं, आणि आतलीच विहीर. ही रचना लढाईपेक्षा धान्य, दप्तर आणि माणसं सुरक्षित ठेवण्यासाठी आहे. देशमुख, देशपांडे, पाटील, जहागीरदार यांचं हे राहतं घर होतं आणि महसुलाची कचेरीही. खानदेशात तिला इतकं महत्त्व का आलं याचं उत्तर इथल्या इतिहासात आहे. 1802 च्या सुमाराला होळकरी फौजांची धामधूम, पाठोपाठ 1803-04 चा दुष्काळ, मग पेंढाऱ्यांच्या धाडी. 1818 मध्ये इंग्रजी अंमल आल्यावरही भिल्लांचे उठाव चालूच राहिले आणि 1825 मध्ये इंग्रज अधिकारी आउट्रमनं भिल्ल पलटण उभी केल्यानंतर ते हळूहळू ओसरले. एवढ्या काळात गाव टिकलं की उठलं हे पुष्कळ ठिकाणी गढीच्या भिंतींवर ठरलं. नंतर कापसाचा पैसा आला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 या वर्षांत इथल्या कापसाला भाव मिळाला, त्याच दशकात रेल्वे भुसावळपर्यंत पोचली, आणि धरणगाव, चोपडा, फैजपूर, शिरपूर यांसारख्या बाजारगावांत तटाऐवजी कोरीव सागवानी दर्शनी भाग असलेले वाडे उभे राहिले. गढी आणि वाडा या एकाच घराच्या दोन पायऱ्या आहेत. भीती कमी झाली तसे बुरूज गेले, पण तळखडा, खांब, तुळई आणि धाबं हा सांगाडा तोच राहिला.

या सांगाड्याचा प्राण धाब्यात आहे. खांब दगडी तळखड्यावर उभा असतो, म्हणजे जमिनीची ओल लाकडात चढत नाही. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर किलच, त्यावर निंबाचा पाला किंवा तुराट्या, मग मातीचा जाड थर आणि सर्वांत वर खारी माती. ही चिकण, पांढरट माती भिजली की मिटते आणि पाणी खाली जाऊ देत नाही. वैशाखात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशीच्या आसपास जातो, तेव्हा याच जाड धाब्याखाली आणि हात-दीड हात रुंदीच्या भिंतींआड घर निवतं. पण खारी माती उन्हानं तडकते, वाऱ्यानं उडते, पावसानं झिजते. म्हणून मृग नक्षत्र लागायच्या आत तिचा हात पुन्हा द्यावा लागतो. त्यातही जाणकारी लागते. जुना सैल थर न काढता वर्षानुवर्षं नुसता नवा चढवत गेलं तर वजन वाढून तुळया झोल खातात. म्हणजे कमी माती घातली तर धाबं गळतं आणि जास्त घातली तर वाकतं. हे प्रमाण कुठल्या पुस्तकात नव्हतं, ते धाबं घालणाऱ्यांच्या हाताला माहीत होतं. आता ते हात म्हातारे झाले आहेत आणि त्यांच्या मुलांना स्लॅबच्या कामावर जास्त मजुरी मिळते. मग गळतीवर उपाय म्हणून सिमेंटचा कोबा येतो. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा लागतो. माती ओल घेते आणि सोडते, सिमेंट ती आत कोंडून ठेवतं. बाहेरून भिंत टणक आणि कोरडी दिसते, आत तिचा भुगा होत असतो. नीट राखलेली जुनी भिंत आणि सिमेंट चढवलेली भिंत यांत आधी पडते ती बहुतेक वेळा दुसरी. केलेल्या दुरुस्तीनंच घर लवकर पडावं, हे या क्षेत्रातलं सर्वांत कडू सत्य आहे.

मग दरवर्षी ही माती चढवत कोण होतं? इथे प्रश्न बांधकामाचा राहत नाही, अर्थकारणाचा होतो. गढीचा खर्च वतनातून निघत असे. परगण्याच्या महसुलातला हक्क, इनाम जमिनीचं उत्पन्न आणि बलुत्या-अलुत्यांची सेवा या तीन गोष्टींवर धाबं टिकून होतं. 1950 च्या कायद्यानं परगणा आणि कुळकर्णी वतनं संपली, 1962 च्या कायद्यानं पाटिलकी संपली, त्याच सुमाराला जमीनधारणेवर कमाल मर्यादा आली. हे सगळं व्हायलाच हवं होतं. पण त्यातून एक गोष्ट घडली, जिचा विचार त्या वेळी कुणी केला नाही. उत्पन्न गेलं आणि घर उरलं, आणि तेही पुढच्या पिढ्यांत वाटण्या होत होत अनेक नावांचं झालं. ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यावर वाटेकऱ्यांची रांग लागते, त्यातले निम्मे पुण्या-मुंबईला किंवा सुरतेला असतात, आणि एका खणाच्या धाब्यासाठी सगळ्यांची वर्गणी गोळा होत नाही. अशा घराला मग एकच ग्राहक उरतो. कोरीव खांब, हस्त, चौकटी आणि दारं विकत घेणारा व्यापारी. लाकूड एखाद्या शहरातल्या हॉटेलच्या किंवा फार्महाउसच्या शोभेला जातं आणि मागे राहिलेली माती गावकरी शेतात नेऊन टाकतात. पांढरीची माती खत म्हणून चांगली, हे शेतकऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

इथे कायदा काय करतो? 1958 चा केंद्रीय प्राचीन स्मारक कायदा आहे, 1960 चा महाराष्ट्राचा आहे. या दोन जिल्ह्यांत संरक्षित म्हणून चटकन आठवणारी नावं घ्या: बलसाण्याची देवळं, पाटण्याचं देवीचं मंदिर, तापी-पूर्णेच्या संगमावरचं चांगदेव, थाळनेरच्या फारूकी कबरी. ही सगळी देवळं आणि थडगी आहेत, बहुतेक दगडाची, आणि कुणाचं राहतं घर त्यांत एकही नाही. हा योगायोग म्हणता येणार नाही. कायद्याच्या डोळ्यांपुढे जे स्मारक आहे ते एकाकी, मालक नसलेलं आणि बदल थांबलेलं आहे. अशा स्मारकाला कुंपण, निळी पाटी आणि पहारेकरी पुरतो. 2010 च्या दुरुस्तीनं केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आली आणि त्यापुढचे दोनशे मीटर नियंत्रित झाले. देवळाभोवती हे कदाचित शक्य असेल. गढी मात्र भर गावठाणात असते, शंभर मीटरच्या वर्तुळात निम्मं गाव येतं. घराची भिंत वाढवायलाही दिल्लीपर्यंत परवानगी मागावी लागणार असेल तर आपल्या गढीला दर्जा मिळू नये अशीच गावकऱ्यांची इच्छा असते आणि ती गैर नाही. मुंबईनं 1995 मध्ये वारसा नियमावली केली, श्रेणी ठरवल्या आणि इमारत राखणाऱ्याला विकास हक्क दुसरीकडे वापरण्याची मुभा दिली. मुंबईत त्या हक्काला सोन्याचा भाव आहे. पारोळा किंवा शिंदखेडा तालुक्यातल्या खेड्यात जागेची टंचाईच नाही, तिथे तो कागद कोण विकत घेणार? एका टोकाला देवळासाठी शिवलेला कायदा, दुसऱ्या टोकाला महानगरासाठी शिवलेला नियम, आणि मधली गढी उघडी.

काही जुनी घरं टिकली आहेत, आणि ती का टिकली हेही तपासायला हवं. जुन्या जळगावातला चौधरी वाडा आज कवयित्री बहिणाबाईंचं संग्रहालय म्हणून उभा आहे. चाळीसगावला केकी मूस यांचा दगडी बंगला त्यांच्या छायाचित्रांसह एका संस्थेनं जपला आहे. पारोळ्याचा भुईकोट, जो हरी सदाशिव दामोदर यांनी 1727 मध्ये बांधल्याचं जुनं गॅझेटिअर सांगतं, लोकांच्या मनात राहिला तो झाशीच्या नेवाळकर घराण्याशी असलेल्या नात्यामुळे. तिन्ही ठिकाणी इमारतीला एका मोठ्या माणसाचं नाव आहे. पण ज्या गढीचं राणीच्या घराण्याशी नातं नाही आणि जिच्यात कवयित्री नांदली नाही, तिचं काय? अशा घराचं मोल त्यात कोण राहिलं यापेक्षा त्यातून गाव कसं चाललं यात असतं, आणि ते मोल सांगणारी यादीच आपल्याकडे नाही. याउलट कागदांच्या बाबतीत खानदेशानं फार चांगलं उदाहरण घालून दिलं आहे. इतिहासाचार्य राजवाडे 31 डिसेंबर 1926 ला धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. शंकर श्रीकृष्ण देवांनी समर्थ संप्रदायाची हस्तलिखितं मठामठांतून जमवून धुळ्यातच वाग्देवता मंदिरात आणली. वाड्यांतली दप्तरं वाळवीच्या तोंडातून वाचवणं हे विद्वत्तेचं काम आहे हे या शहरानं ओळखलं. मात्र ज्या माळ्यावर आणि बळदात ती दप्तरं शंभर-दीडशे वर्षं कोरडी राहिली, ते घरही एक दप्तरच आहे हे ओळखायचं राहून गेलं. कुठला सोपा कुणासाठी होता, कोण देवडीपर्यंत येऊ शके आणि कोण चौकापर्यंत, धान्य कुठे आणि बायका कुठे, हे मोडी कागदात लिहिलेलं नसतं. ते भिंतींत वाचावं लागतं.

जगात हा प्रश्न आपल्यालाच पडला आहे असं नाही. फ्रान्सच्या वायव्येला ब्रिटनी प्रांतात लहान सरदारांचे जुने वाडे आहेत, त्यांना तिकडे 'मनुआर' म्हणतात. ग्रॅनाइटच्या भिंती, स्लेटच्या पाट्यांची छपरं, उंच कोटाआड चौक, देवळी, आणि कबुतरखाना, जो बांधण्याचा अधिकार फक्त सरदाराला होता. 4 ऑगस्ट 1789 च्या रात्री फ्रान्समध्ये सरंजामी हक्क रद्द झाले त्यात कबुतरखान्याचा मानही गेला. त्यानंतर यांतल्या अनेक वाड्यांत खंडकरी शेतकरी राहू लागले आणि सरदाराच्या दालनात चारा भरला गेला. आपल्या गढीची 1950 नंतरची गोष्ट याहून फार वेगळी नाही. फरक पुढे पडला. 31 डिसेंबर 1913 च्या फ्रेंच कायद्यानं खासगी मालकीच्या इमारतींनाही दोन पातळ्यांवर संरक्षण दिलं, एक कडक आणि एक सौम्य, आणि संरक्षणाबरोबर दुरुस्तीच्या खर्चात सरकारचा वाटा आणि करात सवलत आली. 1964 मध्ये मंत्री आंद्रे मालरो यांच्या काळात देशभरच्या वास्तूंची नोंद करायला सुरुवात झाली, तेव्हा पहिल्या निवडलेल्या प्रांतांत ब्रिटनी होता. त्या नोंदीत थोर वास्तूंसोबत शेतघरं आणि वाटेवरचे क्रूसही आले. यातलं सगळंच उचलण्यासारखं नाही. स्लेटचं छप्पर पिढीभर टिकतं, आपलं धाबं वर्षभर. फ्रान्समध्येही स्मारकाभोवतीच्या पाचशे मीटरच्या नियमावरून वाद होत आले आहेत. पण दोन गोष्टी घेण्याजोग्या आहेत: मालकाला आरोपी न मानता भागीदार मानणं, आणि निवड करण्याआधी मोजणी करणं.

या म्हणण्यावर सर्वांत गंभीर आक्षेप सामाजिक आहे. गढी म्हणजे वेठबिगारीची, सारा वसुलीची, उंबऱ्याबाहेर उभं केलेल्या जातींची निशाणी. ती जनतेच्या पैशानं का जपायची? हा आक्षेप झटकून टाकणं अप्रामाणिकपणाचं होईल. ज्यांच्या आजोबांनी देवडीबाहेर जोडे काढून उभं राहून जबाब दिले, त्यांना त्या दरवाजाचं कौतुक वाटावं अशी अपेक्षा करण्याचा अधिकार कुणालाही नाही. पण उत्तराची दिशा आक्षेपातच आहे. ती विषमता कशी चालत होती याचा सर्वांत धडधडीत पुरावा गढीचा नकाशाच देतो. तो पुसला गेला तर घराण्यांच्या बखरी आणि वंशावळी तेवढ्या उरतील, आणि त्यांत वेठीचा उल्लेख सापडणार नाही. शिवाय गढी फक्त मालकाची कधीच नव्हती. तिचे भेंडे थापणारे, तुळया तासणारा सुतार, लोखंडी खिळे आणि कड्या घडवणारा लोहार, खारी माती वाहणाऱ्या बाया, यांचं कसब तिच्यात आहे. जतनाचं काम घराण्याच्या गौरवासाठी केलं तर आक्षेप खरा ठरेल. ते कारागिरांच्या कसबाची आणि गावाच्या व्यवहाराची नोंद म्हणून केलं तर तो बराचसा मावळतो. म्हणून सार्वजनिक पैसा द्यायचा तर अट स्पष्ट हवी: दरवाजा ठरलेल्या दिवशी सगळ्या गावाला उघडा, आणि आतली माहिती सगळ्या गावाची.

दुसरा आक्षेप बांधकामशास्त्रातून येतो. दरवर्षी माती नवी, अधूनमधून किलच नवं, एखादी तुळई नवी, तर मग जुनं राहिलं काय? मूळपणाची ही कसोटी दगडावरून आली आहे. मातीच्या वास्तूत मूळपण वस्तूपेक्षा पद्धतीत असतं. त्याच खाणीतली माती, तोच थर, तीच उतरण, तेच हात असतील तर नवं धाबंही जुनंच. उलट मूळ माती जागच्या जागी ठेवून तिच्यावर सिमेंट ओतलं तर इमारत मूळची राहत नाही. तिसरा आक्षेप अग्रक्रमाचा: अवर्षणप्रवण तालुक्यांत पाण्याचा, रोजगाराचा प्रश्न उभा असताना हे चोचले कशाला? याचं उत्तर खर्चाच्या स्वरूपात आहे. पडलेली गढी उभी करायला लागणारा पैसा खरोखरच चोचल्यात मोडतो आणि तो मागूही नये. गळतं धाबं वेळेत झाकायला लागतं ते साहित्य गावच्या शिवारातलंच, आणि खर्चाचा बहुतेक भाग मजुरीचा, तोही उन्हाळ्यात, शेतात काम नसतं तेव्हा. हॉटेल केलं की सगळं आपोआप जपलं जातं, हा उपायही सुचवला जातो. महामार्गालगतच्या एखाद्या मोठ्या वाड्याला तो लागू पडेल. आडवाटेच्या गावात पर्यटक येणार नाहीत. तिथे वाचनालय, अंगणवाडी, बचत गटाची बैठक असा रोजचा वापरच घराला जपतो, कारण रोज वावर असलेल्या घरातली गळती त्याच पावसाळ्यात दिसते.

तेव्हा करायचं काय, ते आता मांडता येतं. पहिलं काम नोंदीचं. 2020 पासून स्वामित्व योजनेखाली ड्रोननं गावठाणं मोजली जात आहेत आणि मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. ही मोजणी हद्द दाखवते, हद्दीत काय उभं आहे ते सांगत नाही. प्रत्येक मिळकतीपुढे धाब्याचं घर, गढी, लाकडी वाडा एवढा एक रकाना वाढवला तर पुढच्या अभ्यासाचा पाया फारशा खर्चाशिवाय तयार होतो. याची घाईही आहे. पत्रिका हातात आली की वाटणी आणि विक्री सोपी होते, म्हणजे ज्या योजनेतून नोंद होऊ शकते तीच पाडापाडीला वेगही देऊ शकते. दुसरं काम कराराचं. मालकाशी करार करून जतन करण्याची तरतूद केंद्रीय कायद्यात आजही आहे, ती फार मोठ्या स्मारकांपुरती ठेवण्याचं कारण नाही. शंभर मीटरचं वर्तुळ न ओढता फक्त त्या घरापुरता, ठरावीक वर्षांचा करार: मालक लाकूड विकणार नाही, सिमेंट लावणार नाही, आणि त्याबदल्यात मृगाआधी धाब्याची मजुरी मिळेल. तिसरं काम हातांचं. उरलेल्या कारागिरांना आयटीआयच्या विद्यार्थ्यांपुढे उभं करून धाबं कसं घालतात हे शिकवायला लावणं आणि त्याचा मोबदला गवंड्याच्या मजुरीएवढा देणं. 2007 पासून राज्यात स्मारकं दत्तक देण्याची 'महाराष्ट्र वैभव' योजना आहे. ती राज्य संरक्षित स्मारकांसाठी आहे. तिच्या खालची, दर्जा नसलेल्या घरांसाठी अशी एक लहान पायरी जिल्हा परिषदेच्या पातळीवर बांधता येईल.

यातून प्रत्येक गढी वाचेल असा दावा करता येणार नाही. काहींच्या भिंती आता परतीच्या पलीकडे गेल्या आहेत, त्यांची मापं आणि छायाचित्रं घेऊन त्यांना जाऊ द्यावं लागेल. काहींखालच्या टेकाडांचा विचार वेगळा करावा लागेल. बहाळ आणि प्रकाशे इथल्या 1950 च्या दशकातल्या उत्खननांनी दाखवलं की गिरणा-तापीकाठच्या पांढरीखाली ताम्रपाषाण काळापासूनचे थर आहेत, आणि मातीसाठी टेकाड खणणं म्हणजे ते थर शेतात पसरवणं. पण ज्या घरांचं धाबं अजून डोक्यावर आहे, त्यांच्याबाबत निर्णय सोपा आहे आणि तातडीचाही. त्यांना दर्जा मिळायला दहा वर्षं लागली तरी चालेल, धाब्याला माती मिळायला दोन वर्षं लागली तर चालणार नाही. म्हणून निधीच्या मंजुरीचं वेळापत्रक आर्थिक वर्षाच्या अखेरीला न बांधता नक्षत्राला बांधावं. मार्चअखेर खर्च दाखवण्याच्या घाईत मंजूर झालेली रक्कम भर पावसाळ्यात पोचली तर ती त्या घराच्या कामाची नाही. चैत्रात पाहणी, वैशाखात मजुरी, मृगाच्या आत काम पूर्ण, एवढी शिस्त जे खातं पाळेल तेच खानदेशातल्या गढ्यांचं खरं पुरातत्त्व खातं ठरेल.